दोन नाकांचा राजा आणि मऊ पाकीट

मामाचं पार्सल परत आलं त्या सकाळी बाबांनी वर्तमानपत्राचं एकच पान बराच वेळ वाचलं. ते पान निविदा सूचनांचं होतं आणि निविदांमध्ये हसण्यासारखं सहसा काही नसतं, त्यामुळे कागदामागून मधूनमधून येणारा आवाज कशाचा हे आईच्या लगेच लक्षात आलं. हसायचं तर समोर हसा, असं ती म्हणाली. बाबा म्हणाले की शिंक अडकली आहे.

मामा समोरच बसला होता. मांडीवर परत आलेलं पार्सल आणि चेहरा नापास झालेल्या मुलाच्या वडिलांसारखा. पार्सलात एक मखमली डबी होती, तिच्या आत एक कडक, पारदर्शक, गोल डबी होती आणि त्या डबीत ते नाणं होतं, ज्याच्यामुळे या घरात दोन मोठी माणसं कित्येक वर्षं एकमेकांशी थेट बोललेली नव्हती.

नाणं तांब्याचं, जुन्या राजवटीतलं. त्यावरच्या राजाला दोन नाकं होती. एक जिथे असायला हवं तिथे, आणि दुसरं त्याच्या जरासं पुढे, पहिल्याच्या आधी पोचायची घाई झाल्यासारखं. मामाचं म्हणणं असं, की टांकसाळीत या नाण्यावर ठसा दोनदा पडला, असा दोष फार थोड्या नाण्यांत सापडतो आणि जाणकार त्यासाठी जीव टाकतात. बाबांचं म्हणणं असं, की कुणीतरी त्यावर हातोडा मारला आहे. हे म्हणणं त्यांनी पहिल्यांदा मांडलं ते भरल्या घरात, मामा पाहुण्यांमध्ये नाणं हातोहात फिरवत असताना. पाहुणे हसले. मामा हसला नाही. तेव्हापासून दोघं एकाच खोलीत बसून आईमार्फत बोलत. मामा म्हणायचा, त्यांना म्हणावं पंखा जरा कमी करा. बाबा म्हणायचे, तुझ्या भावाला सांग, बटण त्याच्याच डोक्यामागे आहे. आई निरोप पोचवत नसे, कारण ते दोघांनाही ऐकू आलेले असत. ती फक्त मान डोलावे, म्हणजे टपाल मिळालं.

आता मामा घर आवरून दुसऱ्या गावी मुलाकडे कायमचा राहायला जाणार होता. जायच्या आत नाण्याचा निकाल लावायचा म्हणून त्याने ते प्रतवारी करणाऱ्या संस्थेकडे पाठवलं होतं आणि ते न तपासताच परत आलं होतं. ही संस्था नाणं तपासते, अस्सल की नकली ते सांगते, त्याची श्रेणी ठरवते आणि मग त्याला कायमचं एका कडक पेटीत बंद करून परत पाठवते. आईचा हिशेब सरळ होता. निकाल काहीही लागो, दोघांपैकी एकाला मान खाली घालावी लागेल, तो सॉरी म्हणेल आणि माझा भाऊ या घरातून बोलून जाईल. भिंतीकडे बघत गेला तर मला चालणार नाही, असं ती स्वयंपाकघरात मुलीला म्हणाली.

मुलीला हा तर्क कच्चा वाटला. तिच्या पाहण्यात आजवर या दोघांपैकी कुणीच सॉरी म्हटलेलं नव्हतं, म्हणजे तिच्याकडे एकही नमुना नव्हता. तिला घरात मोजपट्टी म्हणत. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली होती, पण नाव त्याच्या आधीचं होतं. लहानपणी तिने दोन भावंडांतल्या खाऊचे तुकडे पट्टीने मोजले होते आणि नातेवाइकांची स्मरणशक्ती अशा बाबतीत फार चांगली असते.

पार्सलसोबत संस्थेचं सूचनापत्रक होतं. ते मामाने वाचलं नव्हतं, कारण ते बारीक अक्षरांत होतं आणि मामाच्या मते बारीक अक्षरांत लिहिणाऱ्यांना आपण ते वाचावं असं वाटत नसतं. मोजपट्टीने वाचलं. नाणं कडक डबीत पाठवू नये. पिना मारलेल्या पुठ्ठ्यात पाठवू नये. चिकटपट्टी लावू नये. मऊ, पारदर्शक, दोन कप्प्यांच्या पाकिटात पाठवावं, एका कप्प्यात नाणं, दुसऱ्यात चिठ्ठी. पाकीट पीव्हीसीचं नसावं.

"मखमल नको म्हणतात?" मामाने विचारलं.

मखमलीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, पण कडक डबीला का नको म्हणतात हे पुढच्या काही मिनिटांत सगळ्यांना कळलं. ती डबी उघडेना. मामाने नखाने प्रयत्न केला, आईने सुरीच्या बोथट बाजूने. बाबांनी दुरूनच सांगितलं की तुझ्या भावाला म्हणावं, हातोडा आणून देऊ का, त्याच्या ओळखीचा असेल. या वाक्याने मामाच्या बोटांत असा काही जोर आला की डबी फाटकन उघडली, नाणं उडालं, जमिनीवर घरंगळत गेलं आणि कपाटाखाली शिरलं. कपाट हलवायला बाबाच उठले. कपाट त्यांचं होतं आणि त्यांच्या मते ते चुकीच्या बाजूने ओढलं जात होतं.

नाणं मोजपट्टीने कडेने धरून उचललं. ते बोटांना किंचित चिकटलं. भिंगाखाली तिला राजाच्या दोन्ही नाकांच्या मधल्या खोबणीत हिरवट, ओलसर काहीतरी दिसलं. मामा म्हणाला, ते वयामुळे आहे, आपल्यालाही होतं. ती म्हणाली की वयाने आलेला हिरवा थर कोरडा असतो, हा ओला आहे. आजवर हे ठेवलं होतं कशात? मामा म्हणाला, फार चांगल्या कव्हरात, पुढच्या खेपेला आणतो.

तोपर्यंत पाकीट शोधायचं होतं. मोजपट्टी स्टेशनरीच्या दुकानात गेली. दुकानदाराने ओळखपत्रांची, तिकिटांची, फोटोंची अशी पारदर्शक पाकिटं समोर पसरली. एक तर दोन कप्प्यांचं, हवं तेवढंच, मऊ आणि चकचकीत होतं. हे पीव्हीसीचं नाही ना, असं तिने विचारलं.

"शंभर टक्के पीव्हीसी आहे, ताई," दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला. "भेसळ आपल्याकडे नसते."

तिने सांगितलं की तिला पीव्हीसी नकोच आहे. त्याने क्षणभर विचार केला आणि तेच पाकीट उलटं करून पुन्हा समोर ठेवलं. मग हे घ्या, म्हणाला, यात नाही. तिथेच मोजपट्टीच्या ध्यानात आलं की या कामात माणसांच्या शब्दावर जाण्यात अर्थ नाही. तिने सगळ्या प्रकारांचं एकेक पाकीट घेतलं आणि घरी येऊन तांब्याची तार शोधायला लागली.

तारेचा प्रयोग सोपा आहे. तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची आणि गरम असतानाच प्लास्टिकला टेकवायची, म्हणजे चिमूटभर प्लास्टिक तिला चिकटतं. मग तार पुन्हा ज्योतीत धरायची. प्लास्टिकात क्लोरीन असेल तर ज्योत हिरवी होते, आणि पीव्हीसीत क्लोरीन असतंच. मोजपट्टीने गॅस पेटवला, खिडकी उघडली, पंखा लावला आणि शुद्ध पीव्हीसीच्या पाकिटाला तार टेकवली. ज्योत अशी सुंदर हिरवी झाली की भांडी घासणं सोडून आई बघायला आली.

"हे काय गं?" आईने विचारलं. मोजपट्टीने समजावून सांगितलं. आईने जरा वेळ ज्योतीकडे पाहिलं, मग टेबलावरचं आच्छादन ओढून आणलं. "हे पण बघ."

आच्छादन हिरवं निघालं. पायपुसणं हिरवं निघालं. बाबांच्या पासबुकाचं कव्हर आणि न्हाणीघराचा पडदा, दोन्ही हिरवे. आईला या कामात कधी नव्हे तो रस वाटू लागला. जिच्याकडून इतकी वर्षं ‘स्वयंपाकघरात प्रयोग नकोत’ एवढंच ऐकायला मिळालं होतं, ती आता स्वतः कात्रीने प्रत्येक वस्तूचा न दिसणारा कोपरा कापून आणून देत होती. बाबा घरी आले तेव्हा त्यांच्या पावसाळी बुटाला न दिसणारा कोपरा नव्हता, म्हणून तो दिसणारा कापलेला होता.

बातमी जिन्यावरून वर गेली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आपला रेनकोट घेऊन उतरले. समोरच्या काकू बाजाराची पिशवी घेऊन आल्या. मोजपट्टी तार तापवायची, टेकवायची, आणि रोगी आणलेल्या नातेवाइकांसारखी ही माणसं ज्योतीकडे बघत उभी राहायची. काकूंची पिशवी हिरवी निघाली. मग हे वाईट का, असं त्यांनी काळजीने विचारलं. मोजपट्टीने सांगितलं, नाण्यासाठी वाईट. काकू म्हणाल्या, आमच्याकडे नाणी नाहीत. मग काही बिघडत नाही, असं ऐकून त्या परत गेल्या, पण पावलांवरून थोडी निराशा झालेली दिसली. पोस्टमास्तरांनी जाता जाता सल्ला दिला की पाकीट कुठलंही असो, टपालाने पाठवू नका. आपण आयुष्यभर त्याच खात्यात होतो म्हणून सांगतो, असं ते म्हणाले आणि त्यापुढे काहीच न बोलता त्यांनी असे डोळे मिटले की आईने त्याच क्षणी टपालाचा विचार कायमचा सोडला.

स्टेशनरीवाल्याची सगळी पाकिटं नापास झाली. आणि मग मामा आपलं कव्हर घेऊन आला.

ते विमा पॉलिसीबरोबर मिळतं तसं लहान कव्हर होतं. एके काळी पारदर्शक असावं, आता पिवळट आणि लाटालाटांचं झालेलं, हात लावला तर तेलकट. आत नाण्याच्या आकाराचा गोल डाग पडला होता. बाबा विमा कार्यालयात नोकरीला होते आणि कव्हराच्या कोपऱ्यात त्यांच्याच कार्यालयाचं चिन्ह होतं. मोजपट्टीच्या हे लक्षात यायच्या आधी तार टेकवून झाली होती. ज्योत पाचूसारखी हिरवी झाली. संबंध दिवसातली सगळ्यात हिरवी.

ती स्पष्टीकरण द्यायला लागली, कारण स्पष्टीकरण अर्धं सोडणं तिला कधी जमलं नव्हतं. पीव्हीसी मुळात कडक असतं, ते मऊ व्हावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घालतात. वर्षं जातात तसं ते बाहेर झिरपतं, जोडीला थोडं आम्ल सुटतं आणि तांबं खायला लागतं. नाण्यावरचा हिरवा थर तोच. म्हणजे या कव्हरानेच.

"तुला हे कुणी दिलं?" आईने भावाला विचारलं, पण तिचं लक्ष बाबांकडे होतं.

"त्याच दिवशी," मामा म्हणाला. "पाहुणे गेल्यावर मी निघालो, तेव्हा दाराशी यांनीच हातात ठेवलं. काही बोलले नाहीत. मी म्हटलं, दिलंय तर ठेवावं त्यातच."

मोजपट्टीने गॅस बंद केला. बाबांनी निविदा सूचनांचं पान उचललं, पण दोन्ही डोळे त्याच्या वरच्या कडेवरून नाण्याकडेच होते.

दुसऱ्या दिवसापासून बाबांमध्ये बदल झाला. ज्या माणसाला आजवर नाणं म्हणजे चकती वाटत होती, तो सकाळी उठून भिंग मागायला लागला. मामाने नाणं मोजपट्टीकडे ठेवलं होतं, तिच्या कपाटात. बाबा त्या कपाटासमोरून जाताना चालण्याचा वेग कमी करत. एकदा आईला ते टूथपेस्ट, मऊ ब्रश आणि नाणं घेऊन बेसिनपाशी उभे सापडले. नुसतं हलक्या हाताने, असं ते म्हणाले. मोजपट्टीने सांगितलं की घासलेलं नाणं तज्ज्ञांना लगेच ओळखू येतं आणि मग त्याची किंमत कव्हराने बिघडवली त्याहून जास्त बिघडते. बाबा मुकाट्याने हात धुऊन बाहेर आले. त्यानंतर काही दिवस घरातली टूथपेस्ट आईच्या उशीखाली असे आणि दात घासायला परवानगी काढावी लागे. मोजपट्टीने संस्थेला विचारलं तेव्हा उत्तर आलं की नाण्याला काहीही लावू नका, आहे तसं आणा, आमचे लोक बघतील. हे वाचून बाबा म्हणाले, निदान पाकीट तरी चांगलं मिळालं पाहिजे. ते असं म्हणाले की जणू आजवर बाकी सगळे या कामात हयगय करत होते.

त्यांनीच कुठूनतरी पॉलिएस्टरची पाकिटं मागवली. संग्राहक हीच वापरतात, असं त्यांना कळलं होतं. तारेच्या प्रयोगात ती निर्दोष ठरली. पण ती अशी ताठ होती की त्यांच्या कडेने मोजपट्टीचं बोट कापलं. तिने बाजारात मिळालेलं एक साधं नाणं त्यात सारलं, काढलं, पुन्हा सारलं आणि भिंगाखाली पाहिलं. नाण्यावर बारीक ओरखडे उमटले होते.

"म्हणजे मऊ आहे ते विषारी," बाबा पाकीट उजेडात धरून म्हणाले, "आणि निर्मळ आहे ते टोचतं."

"माणसांचंही तसंच असतं," आई म्हणाली. तिने ना नवऱ्याकडे पाहिलं ना भावाकडे, पण दोघांनीही एकदमच चहाचा घोट घेतला.

मऊ आणि निर्मळ अशी दोन्ही असणारी गोष्ट मोजपट्टीला शेवटी स्वतःच्या प्रयोगशाळेत दिसली. पाण्याचे नमुने गोळा करायच्या पिशव्या पॉलिथिनच्या असतात. पारदर्शक, पातळ, ज्योतीत धरल्या तर मेणबत्तीसारखा वास येतो आणि हिरवं काही दिसत नाही. तिने भांडारातल्या साहेबांकडे दोन पिशव्या मागितल्या. साहेब म्हणाले की पिशव्या फक्त नमुन्यासाठी मिळतात, नाण्यासाठी मिळत नाहीत. तिने सांगितलं की किंमत देते. साहेब म्हणाले की किंमत घ्यायचं खातं त्यांच्याकडे नाही. मग नमुना आणते, असं म्हणून तिने घरच्या नळाच्या पाण्याची तपासणी रीतसर मागितली, त्यासाठी तिला पिशव्यांचं एक छोटं पाकीट मिळालं, त्यातली एक पाण्याने भरून गेली आणि बाकीच्या उरल्या. घरच्या नळाचं पाणी उत्तम असल्याचा अहवाल यथावकाश आला. आईने तो फ्रिजवर लावला.

पिशवीला कप्पा मात्र एकच होता. तिचे दोन करायचे तर मध्ये शिवण हवी, आणि शिवण म्हणजे सुईची भोकं. इस्त्रीने चिकटवू, असं बाबांनी सुचवलं. पहिली पिशवी इस्त्रीलाच चिकटली. दुसरी बाबांच्या शर्टाला चिकटली, कारण इस्त्री तापली का हे बघायला त्यांनी ती आधी शर्टावर फिरवली होती आणि मग शर्ट बाजूला करायचं विसरून पिशवी त्यावरच ठेवली. मोजपट्टीने मध्ये तेलकागद घ्यायला सांगितलं. मामा त्या दिवशी सामानाची खोकी मागायला आला होता. त्याने हा कारखाना पाहिला आणि खोकी विसरून खुर्ची ओढली.

मग दुपारभर असं चाललं. बाबा इस्त्रीच्या टोकाने रेघ ओढत, मामा स्टीलची पट्टी दाबून धरी. त्याला सांग, पट्टी सरकली, असं बाबा मोजपट्टीला सांगत. त्यांना म्हणावं, इस्त्री सरकली, असं मामा मोजपट्टीला सांगे. दोघांची बोटं टेबलावर शेजारीशेजारी होती, एकमेकांच्या नखांत अडकतील इतकी. एकदा इस्त्रीचा चटका मामाच्या अंगठ्याला बसला तेव्हा बाबा तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलले आणि गार पाणी आणायला स्वतः उठले. काय बोलले ते कुणाला कळलं नाही. मामाने अंगठा पाण्यात बुडवला आणि दुसऱ्या हाताने पट्टी धरून ठेवली.

शेवटी एक पाकीट साधलं. दोन कप्पे, मध्ये सरळ शिवण, कडा मऊ. मोजपट्टीने त्यात साधं नाणं पंधरवडाभर खिडकीत उन्हात ठेवलं, मग भिंगाखाली बघितलं. काही चिकटलं नव्हतं, काही ओरखडलं नव्हतं. बाबा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि त्यांचा श्वास भिंगावर जमत होता.

नाणं पाकिटात, चिठ्ठी शेजारच्या कप्प्यात. पोस्टमास्तरांचे मिटलेले डोळे सगळ्यांच्या स्मरणात होते, त्यामुळे टपालाचा प्रश्नच नव्हता. संस्थेच्या कार्यालयात स्वतः जायचं ठरलं. मामा जाणारच होता, नाणं त्याचं. मोजपट्टी जाणार होती, कारण पत्रक तिने वाचलं होतं. सकाळी निघताना बाबाही बूट घालून उभे होते, एक बूट कोपरा कापलेला. मला त्या बाजूला काम आहे, असं ते म्हणाले. कुठलं काम, असं कुणी विचारलं नाही. बसमध्ये दोघं एका बाकावर बसले आणि दोघांनी मिळून नाण्याची पिशवी धरली, अर्धी याच्या मांडीवर आणि अर्धी त्याच्या.

कार्यालय म्हणजे एका इमारतीच्या मागच्या बाजूची थंड खोली, काचेची खिडकी आणि पलीकडे पांढरे हातमोजे घातलेली एक मुलगी. मामाने पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं. तिने ते घेतलं, चिठ्ठी वाचली, कात्री उचलली, पाकिटाची वरची कड एका झटक्यात कापली, नाणं तळहातावर अलगद ओतून मखमली तबकात ठेवलं आणि पाकीट टेबलाखालच्या बादलीत टाकलं.

बादलीत तशी कितीतरी पाकिटं होती. चुरगळलेली, कापलेली, कडक, मऊ, पिवळी.

मोजपट्टी काचेला नाक लावून बघत राहिली. तिला राग यायला हवा होता, पण आधी प्रश्न आला. ती म्हणाली, तुम्ही ते बघितलंही नाहीत. मुलगी सौजन्याने म्हणाली की पाकिटाकडे बघायची वेळ आली तर ते वाईट असतं. पिना सोडवाव्या लागल्या, डबी उचकटावी लागली, चिकटपट्टी सोलावी लागली, की नाण्याला धोका. तुमचं नाणं हातात आपोआप आलं. पाकिटाचं तेवढंच काम. मोजपट्टीने हे मनात घोळवलं आणि तिला ते पटलं, म्हणजे दुखलंही आणि पटलंही. जगात काही गोष्टींची परीक्षा त्या किती सहज टाकून देता येतात यावर होते, हे तिला कुठल्याच अभ्यासक्रमात कुणी शिकवलं नव्हतं.

बाबांना मात्र पटलं नाही. ते खिडकीतून वाकून विचारू लागले की आतली मधली शिवण बघितलीत का, ती आम्ही केली आहे. मुलीने बादलीतून पाकीट काढून शिवण बघितली आणि छान आहे म्हणाली. बाबांनी मान हलवली आणि मामाकडे पाहिलं. मामा तबकाकडे बघत होता. खोलीतून बाहेर पडताना तो दाराशी थांबला, वळला आणि दोन नाकांच्या राजाला एकदा बघून घेतलं, दवाखान्यात माणूस ठेवून निघाल्यासारखं.

निकाल मामाचं सामान निघायच्या दोन दिवस आधी आला. आईने सगळ्यांना बोलावून बसवलं, पोस्टमास्तर आधीच येऊन बसले होते. नाणं आता एका कडक, पारदर्शक, चारी बाजूंनी बंद पेटीत होतं आणि वरच्या पट्टीवर दोन ओळी छापल्या होत्या. मामाने चष्मा पुसला. पहिली ओळ त्याने मोठ्याने वाचली. अस्सल, टांकसाळीचा दोष, दुहेरी ठसा.

मोजपट्टीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी हाताची घडी सोडून हात गुडघ्यांवर ठेवले होते. ज्याला मान खाली घालायची असते तो असाच बसतो. आईचा हिशेब खरा ठरणार असं वाटलं. पण मामा दुसऱ्या ओळीवर अडकला होता. तिथे लिहिलं होतं की पृष्ठभागाला प्लास्टिकमुळे इजा झाल्याने श्रेणी देता येत नाही.

"इजा कसली?" मामा म्हणाला. "हे कोण सांगणार इजा म्हणून?"

"अरे, ते तज्ज्ञ आहेत," बाबा म्हणाले.

"असतील. चांगल्या कार्यालयाचं कव्हर होतं ते. तुम्ही स्वतः दिलं होतंत, भाऊजी. त्यात नाणं बिघडेल कसं?"

"बिघडलंय. मीच दिलं म्हणून तर बिघडलंय. ज्योत तू पाहिलीस ना?"

"ज्योतीचं काय सांगता? पायपुसणंही हिरवं निघालं होतं."

"अरे पण इथे छापलंय."

"छापलं म्हणून खरं होतं का? तुम्हाला नाण्यांतलं काय कळतं? इतकी वर्षं हातोडा म्हणत होतात."

"हातोडा नव्हता, मान्य. हातोडा नव्हता. पण इजा आहे आणि ती माझी आहे."

"तुमची नाही."

"माझी आहे म्हणतो ना."

"भाऊजी, उगाच मोठेपणा घेऊ नका. माझ्या नाण्याला तुमच्यामुळे काही झालेलं नाही."

आवाज इतके चढले की मोजपट्टीला राहवेना. पृष्ठभाग आणि दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणजे दोघंही बरोबर आहेत, असं सांगायला ती उठली. आईने तिच्या मनगटाला धरून तिला परत खाली बसवलं. पोस्टमास्तर अस्वस्थ होऊन दाराकडे सरकले होते. मध्ये पडू का, असं त्यांनी आईला खुणेने विचारलं.

"नको," आई म्हणाली. "बोलताहेत ते."

आणि दोघांसाठी चहा टाकायला ती आत गेली.